समलिंगी निर्वासितांचा आश्रय : ‘लपून राहा’पासून ‘सिद्ध करून दाखवा’पर्यंत

पांथस्थ (धागाकर्ता)

समलिंगी असल्यामुळे ज्याला स्वतःच्या देशात जिवाची भीती आहे, अशा माणसाला दुसऱ्या देशात आश्रय मिळतो का, असे विचारले की बहुतेकदा ‘हो, पाश्चात्त्य देशांत मिळतो’ एवढे उत्तर येते आणि विषय तिथेच संपतो. हे उत्तर खोटे नाही, परंतु ते इतके अपुरे आहे की त्यावर विसंबून कोणी घर सोडले तर त्याची फसगत व्हायची. या विषयावरचे न्यायालयीन निकाल मी बरीच वर्षे वाचत आलो आहे आणि त्यातून माझे जे मत बनले, ते चर्चेसाठी ठेवतो. आश्रय देणाऱ्या देशांनी या लोकांना नाकारण्याचे एक कारण मोठ्या नाखुशीने सोडले आणि लगोलग त्याच्या जागी दुसरे आणून बसवले. पूर्वी अधिकारी म्हणत, ‘तुम्ही समलिंगी आहात हे मान्य, पण परत जा आणि कोणाला कळू न देता राहा.’ आता ते म्हणतात, ‘तुम्ही समलिंगी आहात हेच आम्हाला पटत नाही.’

आधी कायद्याची चौकट पाहू. निर्वासितांविषयीचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार छळाची पाच कारणे मानतो : वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व आणि राजकीय मत. लैंगिक कलाचा त्यात उल्लेख नाही, आणि १९५१ साली तो असणे शक्यही नव्हते, कारण करार लिहिणाऱ्यांपैकी कित्येक देशांत समलिंगी संबंध हाच तेव्हा गुन्हा होता. त्यामुळे वाट निघाली ती ‘विशिष्ट सामाजिक गट’ या चौथ्या, काहीशा मोघम कारणातून. नेदरलँड्समध्ये १९८१ साली ही वाट प्रथम मान्य झाली. अमेरिकेत १९९० साली क्यूबातून आलेल्या एका पुरुषाच्या प्रकरणात ती स्वीकारली गेली. क्यूबाच्या सरकारने समलिंगी म्हणून त्याची नोंद ठेवली होती, दर दोन-तीन महिन्यांनी त्याला चौकशीसाठी बोलावले जाई, आणि १९८० साली ‘देश सोड, नाहीतर तुरुंगात जा’ असे त्याला सांगण्यात आले होते. त्याची हद्दपारी रोखणारा हा निर्णय १९९४ साली इतर प्रकरणांनाही बंधनकारक करण्यात आला. गंमत अशी की समलिंगी परदेशी व्यक्तींना अमेरिकेत प्रवेशच नाकारणारी कायद्यातली तरतूदही १९९० सालीच रद्द झाली; म्हणजे एका बाजूने दार बंद ठेवणारा कायदा आणि दुसऱ्या बाजूने आसरा देणारा निर्णय, असे दोन्ही काही काळ एकाच वेळी अस्तित्वात होते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली ‘सामाजिक गटा’ची जी व्याख्या केली तिच्यात जन्मजात किंवा बदलता न येणाऱ्या वैशिष्ट्याचे उदाहरण म्हणून लैंगिक कलाचे नाव आले, आणि तेही अशा खटल्यात, ज्यातला अर्जदार समलिंगी नव्हताच, तो उत्तर आयर्लंडमधल्या एका सशस्त्र संघटनेतून बाहेर पडलेला माणूस होता.

गट मान्य झाला तरी नकार थांबले नाहीत. अधिकाऱ्यांचा युक्तिवाद असा की हा माणूस आजवर गुपचूप राहिला आणि त्याला काही झाले नाही, तेव्हा यापुढेही तो तसाच राहील आणि त्याला काही होणार नाही. वरवर हे तर्कशुद्ध वाटते. परंतु धर्मासाठी किंवा राजकीय मतासाठी छळ झालेल्या माणसाला ‘घरात बसून प्रार्थना कर’ किंवा ‘मत मनात ठेव’ असे कोणी सांगत नाही; तसे सांगितले तर कराराला अर्थच उरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या उच्चतम न्यायालयाने २००३ साली बांगलादेशातून आलेल्या दोन पुरुषांच्या प्रकरणात हा युक्तिवाद फेटाळला, तोही चार विरुद्ध तीन अशा निसटत्या बहुमताने. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१० मध्ये इराण आणि कॅमेरून येथील दोन पुरुषांच्या प्रकरणात तेच केले, आणि युरोपीय संघाच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये. जर्मनीत मात्र ‘परत गेल्यावर हा माणूस स्वतःहूनच गुपचूप राहील’ असा अंदाज बांधून अर्ज नाकारण्याची प्रथा पुढेही चालू राहिली; ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रशासनाला तसे न करण्याचे निर्देश दिले गेले, तेव्हा कुठे ती थांबली.

ब्रिटिश निकालाने एक फट मात्र ठेवली आहे आणि ती लक्षात घेण्याजोगी आहे. परत गेल्यावर माणूस लपून राहणार असेल तर तो का लपणार, हे अधिकाऱ्याने तपासायचे. छळाच्या भीतीने लपणार असेल तर तो निर्वासित ठरतो. केवळ आई-वडिलांना वाईट वाटेल म्हणून किंवा स्वभावाने भिडस्त म्हणून लपणार असेल तर ठरत नाही. ज्या घरात वडिलांना ‘वाईट वाटणे’ म्हणजे भावाने हातात कोयता घेणे असते, तिथे ही दोन कारणे वेगळी कशी काढायची, हे मला आजवर कोणी पटेल असे सांगितलेले नाही.

आता अविश्वासाकडे येतो. लपण्याचा सल्ला देता येईना तेव्हा प्रश्न उरला तो ‘खरोखर समलिंगी आहे का’ एवढाच, आणि तो सोडवण्यासाठी जे काही करण्यात आले ते वाचताना मान खाली जाते. चेक प्रजासत्ताकात अर्जदारांना कामुक चित्रफिती दाखवून त्यांच्या लिंगातला रक्तप्रवाह मोजला जात असे. युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने २०१० च्या सुमारास ते उघडकीला आणून त्यावर टीका केली. हंगेरीत एका नायजेरियन अर्जदाराला पावसात उभा असलेला माणूस काढायला लावला, शाईच्या डागांत काय दिसते ते विचारले, आणि या मानसशास्त्रीय चाचण्यांवरून तो समलिंगी असल्याचे सिद्ध होत नाही असा निष्कर्ष काढला. युरोपीय न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये हे अमान्य केले. त्याआधी डिसेंबर २०१४ मध्ये नेदरलँड्समधील तीन अर्जदारांच्या प्रकरणात याच न्यायालयाने काही गोष्टींना मज्जाव केला होता : शय्यागृहातले तपशील विचारायचे नाहीत, शारीरिक चाचण्या घ्यायच्या नाहीत, आणि अर्जदाराने स्वतःहून दिलेल्या खाजगी चित्रफिती पुरावा म्हणून घ्यायच्या नाहीत. या तिघांपैकी एकाने तशी चित्रफीत सादर केली होती. ती एकदा स्वीकारली तर पुढच्या प्रत्येकावर ती आणण्याची सक्ती होते, हे न्यायालयाचे म्हणणे मला अत्यंत योग्य वाटते.

चाचण्या गेल्या आणि मुलाखत उरली. आयुष्यभर जी गोष्ट लपवण्यात माणूस तरबेज झाला, तीच एका परक्या खोलीत, परक्या माणसासमोर, तारखांसह सुसंगतपणे सांगायची, आणि सांगताना जराही अडखळायचे नाही. या मुलाखतीबद्दल ज्यांना प्रत्यक्ष माहिती आहे त्यांनी लिहावे, अशी विनंती.

---

शंकासुर

लेख अभ्यासपूर्ण आहे, तरी एक अप्रिय प्रश्न विचारतो. धर्म किंवा राजकीय पक्ष यांचा काहीतरी बाह्य पुरावा असतो : सभासदत्व, छायाचित्रे, पोलिसांतील नोंदी. लैंगिक कलाचा तसा पुरावा नसतो. मग ज्याला केवळ चांगल्या कमाईसाठी तिकडे राहायचे आहे तो ‘मी समलिंगी आहे’ असे म्हणणार नाही का? आणि अधिकारी संशय घेतो म्हणून त्याला निर्दय ठरवणे कितपत न्याय्य आहे? पैसे घेऊन तयार कहाण्या पाठ करून घेणारे दलाल असतात हे तर उघड गुपित आहे.

---

न्यायान्वेषी

शंकासुर, तुमचा प्रश्न अप्रिय असला तरी अस्थानी नाही. दलाल असतात आणि त्यांचा सर्वाधिक फटका खऱ्या अर्जदारांनाच बसतो, कारण एकाच साच्यातल्या चार कहाण्या ऐकलेला अधिकारी पाचव्याची खरी कहाणीही साच्यातलीच समजतो.

परंतु दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली गोष्ट पुराव्याच्या पातळीची. आश्रयाच्या कायद्यात फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा मागितला जात नाही, भीती सकारण आहे का एवढेच पाहिले जाते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली असे स्पष्ट केले की छळाची शक्यता दहात एक असली तरी भीती सकारण ठरू शकते. त्यामागचे कारण उघड आहे. खोट्याला चुकून आश्रय दिला तर त्या देशात एक माणूस जास्त राहील. खऱ्याला चुकून परत पाठवले तर त्याचा जीव जाईल. या दोन चुका एका मापाने मोजता येत नाहीत, म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाची १९७९ ची मार्गदर्शिका कथन एकंदरीत सुसंगत असेल तर उरलेल्या शंकेचा फायदा अर्जदाराला द्यायला सांगते.

दुसरी गोष्ट खोटे बोलण्याच्या किमतीची. ज्या समाजांतून हे लोक येतात तिथे ‘मी समलिंगी आहे’ हे वाक्य सरकारी कागदावर गेले की परतीची वाट संपली. तिकडच्या आपल्या माणसांच्या वस्तीत ही बातमी फुटली तर खोली जाते, काम जाते, आणि फोनवरून ती घरापर्यंत पोचते. हे वाक्य खोटे म्हणायलाही फार मोठी किंमत आहे, आणि ती मोजणारे नसतातच असे नाही, पण ते सोपे आहे असे समजू नये.

मग पारख कशी करायची? ब्रिटनमधील बॅरिस्टर एस. चेल्वन यांनी एक पद्धत मांडली, जिची पुढे बऱ्याच ठिकाणी दखल घेतली गेली. तिच्यात शरीरसंबंधांबद्दल विचारायचेच नसते. आपण इतरांहून वेगळे आहोत हे प्रथम केव्हा जाणवले, त्या वेगळेपणाला समाजाने काय नावे ठेवली, त्यातून स्वतःबद्दल लाज कशी निर्माण झाली, आणि शेवटी कोणती इजा झाली किंवा होण्याची भीती आहे, या चार अंगांनी माणसाला बोलते करायचे असते. पाठ केलेली कहाणी बहुधा शेवटच्या अंगात, म्हणजे मारहाणीत आणि धमक्यांत, भरगच्च असते आणि पहिल्या तीन अंगांत पोकळ असते. मला ही पद्धत आवडते, पण तिचाही साचा होऊ शकतो. प्रत्येकाला लाज वाटलेलीच असते असे कुठे आहे? काहींना आपल्या वेगळेपणाचा आनंदच झालेला असतो, आणि अधिकारी लाजेची वाट पाहत बसतो.

साच्यांबद्दल बोलायचे तर न्यायाधीशही सुटलेले नाहीत. धागाकर्त्याने ज्या २०१० च्या ब्रिटिश निकालाचा उल्लेख केला आहे, त्यात लॉर्ड रॉजर यांनी समलिंगी पुरुषांना आपल्या आवडीने जगता यावे हे समजावताना पॉप गायिका कायली मिनोगच्या कार्यक्रमांचे आणि रंगीबेरंगी मद्याचे उदाहरण दिले. हेतू उदार होता. परंतु ज्याने उभ्या आयुष्यात असला कार्यक्रम पाहिला नाही, तो इराणमधल्या तेहरानचा किंवा कॅमेरूनमधल्या याउंदेचा माणूस अधिकाऱ्याला ‘पुरेसा समलिंगी’ का वाटत नाही, त्याचे मूळ याच चित्रात आहे.

---

दुभाषी_आर

धागाकर्त्याच्या विनंतीवरून लिहीत आहे. परदेशात एका कार्यालयासाठी मी काही वर्षे अशा मुलाखतींत भाषांतराचे काम केले. कोणाचीही ओळख पटेल असे काही सांगणार नाही.

पहिली अडचण मी स्वतः असते. अर्जदाराला गोऱ्या अधिकाऱ्याची जितकी भीती नसते तितकी त्याच्या स्वतःच्या भाषेत बोलणाऱ्या माणसाची असते. अधिकाऱ्याने प्रश्न विचारला तरी त्याची नजर माझ्याकडे असते : हा कुठल्या गावचा, कोणाच्या नात्यातला, बाहेर जाऊन कोणाला सांगेल. गोपनीयतेची शपथ मी घेतलेली असते, पण ती त्याला कोण समजावून सांगणार? कित्येकदा माणूस पहिल्या तासात केवळ राजकीय भांडणाची किंवा जमिनीच्या वादाची हकिगत सांगतो. मग मध्यंतरात पाणी पिताना वकिलाला हळूच काहीतरी सांगतो, आणि खोलीत परत आल्यावर सारी मुलाखत नव्याने सुरू होते. पुढे निर्णयाच्या कागदावर लिहिलेले असते की अर्जदाराने आपला दावा बदलला.

युरोपीय न्यायालयाच्या २०१४ च्या ज्या निकालाबद्दल वर लिहिले आहे, त्यातच असेही म्हटले आहे की लैंगिक कलाविषयी उशिरा सांगितले एवढ्याच कारणावरून माणसाला खोटारडे ठरवता येणार नाही. नियम चांगला आहे. प्रत्यक्षात ‘एवढ्याच कारणावरून’ या शब्दांभोवती अधिकारी आणखी दोन कारणे जोडतात आणि नियमही पाळला जातो, नकारही दिला जातो.

दुसरे असे की लोक स्वतःविषयी बोलतच नाहीत. ‘माझा एक मित्र होता, त्याला पकडले’ असे सुरू होते आणि तो मित्र म्हणजे आपणच, हे कळायला वेळ लागतो. तारखांचे म्हणाल तर ज्या रात्री मार खाल्ला तिची तारीख कोणी लिहून ठेवत नाही. पाऊस होता, परीक्षा जवळ आली होती, असे काहीतरी आठवते. मी जसेच्या तसे भाषांतर करतो, कारण माझे काम तेवढेच आहे, आणि अधिकारी पुन्हा विचारतो, ‘कोणता महिना?’

अर्जदाराला दुभाषा बदलून मागता येतो, पुरुषाऐवजी बाई किंवा बाईऐवजी पुरुष मागता येतो, आणि दुसऱ्या प्रदेशातला दुभाषा दूरध्वनीवरून देण्याची व्यवस्थाही अनेक ठिकाणी असते. हे बहुतेकांना मुलाखत संपल्यावर कळते.

---

मृण्मयी

आतापर्यंतच्या चर्चेत आलेले सगळे अर्जदार पुरुष आहेत, हे कोणाच्या लक्षात आले का? हा धागाकर्त्याचा दोष नाही. गाजलेले खटलेच पुरुषांचे आहेत. परंतु स्त्रियांच्या बाबतीत प्रश्नाचे स्वरूपच बदलते.

अनेक देशांच्या दंडसंहितेत केवळ पुरुषांमधील संबंधांचा उल्लेख आहे. त्यामुळे लेस्बियन अर्जदाराला सांगितले जाते की तुमच्या देशात तुमच्याविरुद्ध कायदाच नाही, मग भीती कशाची? तिला भीती पोलिसांची नसतेच. ती वडिलांची, भावांची, नवऱ्याची आणि ‘सुधारण्यासाठी’ बलात्कार करणाऱ्या शेजाऱ्याची असते. कायद्यानुसार छळ करणारा सरकारी माणूसच असला पाहिजे असे नाही. सरकार संरक्षण द्यायला असमर्थ असेल किंवा तयार नसेल तर कुटुंबाने केलेला छळही ग्राह्य धरला जातो. पण घराच्या चार भिंतींत जे घडते त्याची तक्रार नसते, पंचनामा नसतो, वर्तमानपत्रात बातमी नसते. पुरुषाला निदान अटकेचा कागद तरी दाखवता येतो.

त्यात तिचे लग्न लावून दिलेले असते आणि मुलेही असतात, आणि नेमकी तीच तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जातात. उच्चायुक्तालयाच्या ऑक्टोबर २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिले आहे की विवाह किंवा अपत्ये यांवरून कोणी समलिंगी नाही असा निष्कर्ष काढू नये. ज्या मुलीला विसाव्या वर्षी कोणी विचारलेच नाही, तिला चाळिसाव्या वर्षी ‘मग लग्न का केलेत?’ असे विचारण्यात येते, याचा मला मनस्वी संताप येतो.

आणखी एक नेहमीचा नकार म्हणजे ‘त्याच देशातल्या दुसऱ्या शहरात जाऊन राहा’. एकट्या पुरुषाला ते कदाचित जमेलही. एकट्या, अविवाहित, नातेवाईक नसलेल्या बाईला जिथे कोणी खोलीच भाड्याने देत नाही आणि नवऱ्याचे नाव सांगितल्याशिवाय काम मिळत नाही, तिथे दुसरे शहर हा पर्याय कागदावरच राहतो.

‘सुरक्षित देशां’च्या याद्यांचाही इथे उल्लेख व्हायला हवा. ब्रिटनने जमैकाला अशा यादीत घातले होते, म्हणजे तिथून आलेल्याचा अर्ज मुळातच निराधार धरून झटपट निकालात काढायचा. मार्च २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदेशीर ठरवले, कारण देशातल्या बहुसंख्यांना धोका नसला तरी समलिंगी व्यक्तींसारख्या ओळखता येण्याजोग्या एका गटाला गंभीर धोका असेल तर तो देश ‘सर्वसाधारणपणे सुरक्षित’ म्हणता येत नाही. असे असूनही काही देश केवळ पुरुषांसाठी सुरक्षित मानले जातात. त्या पुरुषांत गे पुरुष असतात, हे यादी करणाऱ्यांना बहुधा सुचत नसावे.

---

सीमोल्लंघन

सगळी चर्चा लंडन, लक्झेंबर्ग (युरोपीय संघाच्या न्यायालयाचे ठिकाण) आणि कॅनबेरा येथल्या न्यायालयांत चालली आहे. तिथपर्यंत पोचणारे मूठभर असतात. जगातल्या निर्वासितांपैकी दरवर्षी एक टक्क्याहून कमी लोकांचे तिसऱ्या देशात पुनर्वसन होते. बाकीचे शेजारच्या देशात अडकतात, आणि शेजारचा देश बहुधा पहिल्याइतकाच वाईट असतो.

युगांडाचे उदाहरण घ्या. २०१४ चा समलिंगीविरोधी कायदा तिथल्या संवैधानिक न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केला, पण तोवर लोक केनियात पळाले होते; २०२३ साली त्याहून कठोर कायदा आला, ज्यात जन्मठेप आहे आणि काही प्रकारांत मृत्युदंडही. केनिया त्यांना नोंदवून घेतो, परंतु केनियाच्याच दंडसंहितेत समलिंगी संबंधांसाठी १४ वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे आणि मे २०१९ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ते कलम कायम ठेवले. काकुमा येथील अफाट छावणीत या लोकांना इतर निर्वासितांकडूनच मारहाण होत राहिली. मार्च २०२१ मध्ये झोपेत असताना त्यांच्यावर पेट्रोलबॉम्ब टाकण्यात आला आणि भाजलेल्यांपैकी एक जण पुढच्या महिन्यात मरण पावला. ज्यांच्यापासून पळायचे तेच शेजारच्या तंबूत राहायला आलेले असतात.

इराणमधून तुर्कस्तानात गेलेल्यांची कथा निराळी. तुर्कस्तानने १९५१ च्या करारावर सही केली आहे, पण भौगोलिक अट घालून : पूर्ण निर्वासित दर्जा केवळ युरोपातून आलेल्यांना. इराणी माणसाला तिथे तात्पुरते राहून तिसऱ्या देशाची वाट पाहायची असते. सरकार नेमून देईल त्या शहरात राहायचे, ठरलेल्या दिवशी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय शहर सोडायचे नाही. डेनिझली, एस्किशेहिर अशा शहरांत या लोकांची आयुष्याची उमेदीची वर्षे गेली. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेने इराणी नागरिकांना प्रवेशबंदी केली तेव्हा ज्यांचे कागद पूर्ण झाले होते तेही लटकले. जानेवारी २०२५ मध्ये तर अमेरिकेचा सगळाच पुनर्वसन कार्यक्रम स्थगित झाला.

सरकारे ठरवतात तेव्हा मात्र वाट निघते. २०१७ साली रशियातील चेचन्या प्रांतात समलिंगी पुरुषांची धरपकड झाली, तेव्हा रशियातील एलजीबीटी नेटवर्क आणि टोरांटोची रेनबो रेलरोड या संस्थांनी लोकांना बाहेर काढले आणि कॅनडाच्या सरकारने गाजावाजा न करता त्यांतील कित्येकांना थेट घेतले. अफगाणिस्तान तालिबानच्या ताब्यात गेल्यावर ऑक्टोबर २०२१ मध्ये २९ जणांचा पहिला गट ब्रिटनमध्ये पोचला. अर्जांच्या मानाने हे आकडे नगण्य आहेत, हे वेगळे सांगायला नको.

---

नवसदस्य_०७

मी येथे सहसा लिहीत नाही. माझ्या ओळखीची एक व्यक्ती अमेरिकेत शिक्षणासाठी गेली आहे. तिला मायदेशी परतणे आता शक्य नाही, कारण घरच्यांना कळले आहे. तिने आल्याबरोबर अर्ज केला नव्हता, कारण तेव्हा तशी वेळच आली नव्हती. आता उशीर झाला आहे का?

---

न्यायान्वेषी

नवसदस्य, त्या व्यक्तीने प्रत्यक्ष वकील गाठावा, पण तोवर इतके सांगतो. अमेरिकेत पोचल्यापासून एक वर्षाच्या आत आश्रयाचा अर्ज करावा लागतो; ही अट १९९६ च्या कायद्याने आली आणि समलिंगी अर्जदारांना ती विशेष जाचक ठरली, कारण स्वतःशी कबूल होण्यातच अनेकांची त्याहून अधिक वर्षे जातात. मात्र तिला अपवाद आहेत. परिस्थिती बदलली असेल, जसे घरच्यांना कळणे आणि त्यांनी धमक्या देणे, तर तो एक अपवाद. त्या काळात विद्यार्थी म्हणून कायदेशीर वास्तव्याचा दर्जा टिकून असणे हाही असाधारण परिस्थितीचा अपवाद धरला जातो. दोन्हींत पुढे वाजवी मुदतीत अर्ज करावा लागतो, म्हणून तो दर्जा संपायची वाट पाहत बसू नये.

मायदेश सोडताना भीती नव्हती आणि ती नंतर निर्माण झाली, एवढ्यामुळे दावा नाकारता येत नाही. परदेशात असताना निर्माण झालेली भीतीही करारात बसते. घरून आलेले धमकीचे संदेश पुसू नयेत. आजवर जिवाच्या भीतीने सगळे पुसून टाकायची सवय लागलेली असते आणि नेमके तेच पुढे हवे असते. पासपोर्टचे नूतनीकरण करायला स्वतःच्या देशाच्या दूतावासात जाण्यापूर्वी वकिलाला विचारावे, कारण ज्या सरकारची भीती आहे त्याच्याचकडून संरक्षण घेतले, असा त्याचा अर्थ लावला जाऊ शकतो. अमेरिकेत इमिग्रेशन इक्वालिटी ही संस्था याच कामासाठी १९९४ पासून आहे. ब्रिटनमध्ये असता तर रेनबो मायग्रेशन, नेदरलँड्समध्ये सीओसी, व्हँकुव्हरमध्ये रेनबो रेफ्युजी यांचे नाव घेतले असते.

---

शंकासुर

माझ्या प्रश्नाला इतके सविस्तर उत्तर मिळेल असे वाटले नव्हते. संशय घेणे हे अधिकाऱ्याचे काम आहे, या मतावर मी अजून आहे. मात्र तो कशावरून घ्यावा आणि कशावरून घेऊ नये यात एवढा फरक असेल याची कल्पना नव्हती. आणखी एक विचारतो. निकाल अनुकूल लागला की प्रश्न संपतो का?

---

दुभाषी_आर

निकाल लागेपर्यंतचे राहणे हाच मोठा प्रश्न असतो. सरकारी वसतिगृहात एका खोलीत चार-सहा जण, तेही बहुधा एकाच प्रदेशातले. तिथे माणूस पुन्हा लपतो, आणि मग मुलाखतीत विचारतात की ‘इथे तर तुम्ही मोकळे आहात, तरी अजून कोणाला सांगितले का नाही?’ बर्लिनमध्ये २०१६ साली श्वुलनबेराटुंग या संस्थेने केवळ अशा निर्वासितांसाठी सुमारे १२० जागांचे वसतिगृह सुरू केले, ब्रिटनमध्ये मायक्रो रेनबो सुरक्षित घरे चालवते. अशी घरे थोडी आहेत आणि प्रतीक्षायादी मोठी.

आश्रय मिळाल्यानंतरचा एकटेपणा हा स्वतंत्र विषय आहे. इतर निर्वासितांना निदान आपल्या माणसांची वस्ती आधाराला असते. या लोकांना तीच टाळावी लागते, आणि नव्या देशातल्या समलिंगी मंडळींत रंगावरून, उच्चारावरून वेगळे वागवले जाते ते वेगळेच.

---

मृण्मयी

शंकासुर, तुमच्या प्रश्नाचे आणखी एक उत्तर मागे राहिलेल्या जोडीदारात आहे. विवाहित निर्वासिताला नंतर पत्नीला बोलावून घेता येते. इथे विवाहाचा कागद नसतो, एकत्र राहिल्याचा भाडेकरार नसतो, दोघींचे एकत्र छायाचित्रही बहुधा नसते, कारण यांपैकी काहीही सापडणे म्हणजेच संकट होते.

---

पांथस्थ (धागाकर्ता)

मृण्मयी, हा मुद्दा मूळ लेखात यायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. यावर मला ठाऊक असलेली सर्वांत समजूतदार तरतूद कॅनडाच्या नियमांत आहे. तिथे किमान एक वर्ष नाते असूनही छळामुळे किंवा दंडविधानामुळे ज्यांना एकत्र राहता आले नाही, अशांनाही सहजीवनातले जोडीदार मानले जाते. म्हणजे एका छपराखाली राहिल्याचा पुरावा नसणे हे नाते नसल्याचा पुरावा ठरत नाही. नाते दाखवण्यासाठी पत्रे, पाठवलेले पैसे, फोनच्या नोंदी, मित्रांची शपथपत्रे चालतात.

पण त्याच नियमांत एक खाचही आहे. स्थायिक होण्याच्या मूळ अर्जात ज्या कुटुंबीयाचे नाव दिलेले नाही, त्याला पुढे कुटुंबीय म्हणून आणता येत नाही. ज्या माणसाने छावणीतल्या कारकुनासमोर, आजूबाजूला रांग उभी असताना, भीतीने ‘अविवाहित, कोणी नाही’ असे लिहिले, त्याचा जोडीदार त्या एका ओळीमुळे कायमचा बाहेर राहत असे. २०१९ पासून कॅनडाने निर्वासितांसाठी यात सवलत दिली आहे, पण ती कायद्यातली दुरुस्ती म्हणून नव्हे, प्रायोगिक धोरण म्हणून. तेव्हा नवसदस्य यांच्या ओळखीतल्या व्यक्तीसारखे कोणीही अर्ज भरत असेल तर, देश कोणताही असो, जोडीदाराचे नाव पहिल्याच अर्जात लिहावे, आणि ते उघड्या खिडकीशी सांगणे धोक्याचे वाटत असेल तर बंद खोलीत सांगण्याची मागणी करावी.